बारशाच्या आदल्या दिवशी आलेला एसएक्स-७०

पोलरॉइडचा एसएक्स-७०, म्हणजे फोटो लगेच हातात देणारा जुना घडीचा कॅमेरा, दुरुस्तीला आला की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "याला ६०० ची फिल्म चालेल असं करून द्याल का?" ही ६०० म्हणजे पोलरॉइडच्या नंतरच्या कॅमेऱ्यांची, कमी उजेडातही चालणारी फिल्म. माझं उत्तर ठरलेलं असतं. एसएक्स-७० ची फिल्म आजही मिळते, तीच घाला. ६०० चाच हट्ट असेल तर पॅकवर पातळ राखाडी फिल्टर ठेवा, भागतं. पन्नास वर्षं चाललेल्या सर्किटवर तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवायची मला हौस नाही. गेल्या डिसेंबरात एका शुक्रवारी मात्र हे उत्तर कामाला आलं नाही.

एडिसनला घराच्या तळघरातच माझं वर्कशॉप आहे. न्यू जर्सीच्या या भागात मराठी माणसं बरीच, त्यामुळे जुने कॅमेरे घेऊन काका-काकू येतात यात नवल नसतं. त्या दिवशी आलेले काका ऐंशीच्या पुढचे, निवृत्त केमिकल इंजिनियर. कॅमेरा त्यांनी मफलरमध्ये गुंडाळून आणला होता.

"१९७४ चा आहे. १८० डॉलर मोजले होते. हिने महिनाभर अबोला धरला होता."

"महिना नाही, आठवडा," काकू म्हणाल्या. "पुण्याला सासूबाईंना फोटो पाठवायचे म्हणून गप्प बसले. याला निगेटिव्ह नाही ना, म्हणून प्रत्येक फोटो दोनदा. एक तिकडे, एक इकडे. फिल्म निम्मी तिथेच संपायची."

घडी उघडली. हा कॅमेरा मिटलेला असताना जाडजूड डायरीएवढा असतो. व्ह्यूफाइंडरचा भाग धरून वर ओढला की भाता ताणला जातो, एक दांडी खटकन अडकते आणि चक्क एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघून फोटो काढायचा कॅमेरा, तयार होतो. कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा हवा, हा पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांचा आग्रह. दिसायला धातूचा, पण अंग प्लॅस्टिकचं आहे, वर क्रोमचा मुलामा. काकांच्या कॅमेऱ्याचं चामडं कोपऱ्यांवर सुटलं होतं, बाकी तब्येत ठणठणीत. बॅटरी कॅमेऱ्यात नसते, फिल्मच्या पॅकमध्ये असते, म्हणून मी चाचणीसाठी ठेवलेला रिकामा पॅक घातला आणि लाल बटण दाबलं. शटर मिटलं, आरसा उचलला गेला, शटर उघडून पुन्हा मिटलं, मोटर फिरली. एवढ्या वर्षांनी हा आवाज सलग ऐकू आला की मला बरं वाटतं.

"चालतोय की," मी म्हटलं. "फोटो बाहेर काढणारे रोलर साफ करतो, भाता तपासतो. एसएक्स-७० ची फिल्म माझ्याकडे आहे."

"ती नको. मला ६०० चीच करून दे."

मी फिल्टरचं पुराण सुरू केलं. काकांनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता कॅमेरा डोळ्याला लावला. बटणावरचं बोट थरथरत होतं. नुसतं बोट नाही, मनगटापासून हात हलत होता.

"पार्किन्सन्स," काकू म्हणाल्या. "उद्या दुपारी पणतवाचं बारसं आहे. नव्या कॅमेऱ्याने काढा म्हटलं तर ऐकत नाहीत."

"मुलाने दिलेला नवा जवळ नेला की धूसर काढतो. हा साडेदहा इंचांवरून बाळाची मूठ टिपतो," काका म्हणाले. ते खरंच होतं.

इथे माझा फिल्टर निरुपयोगी ठरला. फिल्मचा वेग म्हणजे ती किती थोड्या उजेडात फोटो टिपते ते; एसएक्स-७० च्या फिल्मचा वेग १६०, ६०० नावाच्या फिल्मचा ६४०. फिल्टर जास्तीचा उजेड अडवतो आणि ६४० च्या फिल्मला १६० सारखं वागायला लावतो. फोटो नीट येतो, पण शटर उघडं राहण्याची वेळ तेवढीच राहते. लेन्स एफ/८ ची, फार उजेड आत न घेणारी. खिडकीजवळच्या उजेडात शटर सेकंदाचा सातवा-आठवा भाग उघडं राहणार, आणि तेवढ्या वेळात काकांचा हात चांगलाच हलायचा. फिल्मचा वेग खरोखर वापरायचा तर सर्किटलाच सांगायला हवं होतं.

तरी मी पर्याय काढले. ट्रायपॉड? या पहिल्या मॉडेलला ट्रायपॉडचं भोकच नाही, ते १९७७ च्या अल्फामध्ये आलं. वेगळा जोड मिळतो, पण काका म्हणाले, "पाळण्याभोवती बायका, मधे तुझी तिपाई. कोणीतरी पडेल." फ्लॅशबार? दोन्ही बाजूंना पाच-पाच, एकदाच पेटणारे दहा बल्ब. माझ्याकडे जुना साठा आहे. काकूंनी तो विषयच मिटवला. बारा दिवसांच्या पोराच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही.

मग मी दोघांना चहा दिला आणि कामाला बसलो.

या कॅमेऱ्याचे स्क्रू बारीक चौकोनी खाचेचे, नेहमीचा स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं गेलंच म्हणून समजा. पुढचं झाकण निघालं की शटर आणि त्यामागची सर्किटची पाटी दिसते. काकांना खुर्ची जवळ घ्यायची होती, मी नको म्हटलं नाही. लेन्सशेजारच्या छोट्या काचेमागे सिलिकॉनचा फोटोडायोड आहे, उजेड पडला की करंट देणारा. शटरच्या दोन पाती एकमेकींवरून सरकतात. त्यांतली मोठी भोकं लेन्ससमोर येतात, छोटी फोटोडायोडसमोर. फोटोडायोडचा करंट एका कपॅसिटरमध्ये, विजेच्या टाकीतच म्हणा, साठत जातो, ठरावीक व्होल्टेज गाठलं की पाती मिटतात. झगझगीत उजेड असेल तर पाती पुरत्या उघडायच्या आतच मिटतात, म्हणजे छिद्रही आपोआप लहान राहतं. १९७२ साली हे खिशातल्या वस्तूत बसवलं होतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

"म्हणजे टाकी लहान केलीस की लवकर भरणार," काका म्हणाले. "६४० भागिले १६०. पाव टाकी."

बरोबर तेवढंच. मूळ कपॅसिटर काढून साधारण पाव क्षमतेचा लावला. काढलेला फेकला नाही. प्लॅस्टिकच्या पुडीत घालून काकूंकडे दिला. उद्या कुणाला कॅमेरा मूळ रूपात हवा असला तर परत बसवता येईल. ठरावीक उजेडाच्या पेटीसमोर धरल्यावर जिथे आधी सेकंदाचा आठवा भाग येत होता, तिथे आता तिसावा येऊ लागला. फ्लॅशचं गणित मात्र यात बिघडतं, कारण फ्लॅश लावला की छिद्र उजेडावर नाही, फोकसच्या अंतरावर ठरतं. फ्लॅशबार लावून ६०० वापरली तर फोटो पांढराफटक होतो. हे काकूंना सांगितल्यावर त्यांना आनंदच झाला.

रोलरवर वाळलेल्या रसायनाचे खडे होते. त्यांकडे दुर्लक्ष केलं की प्रत्येक फोटोवर ठरावीक अंतराने ठिपके उठतात, आणि लोक दोष फिल्मला देतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी ओल्या फडक्याने मिटणाऱ्या असतात. अंधार करून भात्यात टॉर्च धरला तर एका घडीच्या कोपऱ्यात टाचणीएवढा उजेड दिसला. तिथे काळ्या रबरी रंगाचा थेंब लावला.

६०० च्या पॅकच्या पोटाला बारीक खुंट्या असतात, चुकून या कॅमेऱ्यात शिरू नये म्हणून. खाली कडक प्लॅस्टिकची पट्टी सरकवून पॅक आत घातला. स्वस्त पडते म्हणून नव्या पोलरॉइड कॅमेऱ्यांची आय-टाइप फिल्म घेऊ नका, असंही सांगितलं; तिच्यात बॅटरी नसते, कॅमेरा मुका बसेल.

काकांनी पहिला फोटो काकूंचा काढला. कोपरं टेबलावर टेकवली, श्वास धरला. फोटो बाहेर आला तसा त्यांनी जुन्या सवयीने उजेडात धरला, मी घाईने उलटा केला.

"का? आमच्या वेळी डोळ्यांसमोर उमटायचा."

पोलरॉइडने फिल्म बनवणं २००८ मध्ये थांबवलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचा कारखाना काही लोकांनी वाचवला, पण मूळ रसायनं मिळेनाशी झाली होती, फिल्म नव्याने जुळवावी लागली.

"मग उमटत्या फोटोवर उजेड पडू न देणारा ओपॅसिफायर तो राहिला नसेल," काका म्हणाले आणि माझ्या वर्कशॉपमध्ये चांगला पाऊण तास रसायनशास्त्राचा तास झाला. अल्कलीत काळा असणारा आणि पीएच उतरला की रंगहीन होणारा तो रंग म्हणजे लँड यांच्या फिल्मचं खरं मर्म, कॅमेरा त्यानंतर, असं त्यांचं मत. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याला हे पचायला जड जातं, पण मी वाद घातला नाही. आजची फिल्म पहिले काही क्षण उजेडापासून जपावी लागते आणि रंग यायला दहा-पंधरा मिनिटं घेते. थंडीत निळसर पडते, म्हणून फोटो कोटाच्या आतल्या खिशात. काकूंचा फोटो तिथून निघाला तेव्हा त्यांच्या चष्म्याची कड स्वच्छ दिसत होती.

जाताना एकच अट घातली. पाळणा काचेच्या दाराजवळ हवा; दिवाणखान्याच्या पिवळ्या दिव्यांखाली ६०० सुद्धा पुरणार नाही.

रविवारी काकांचा फोन आला. आठांपैकी पाच चांगले आले होते. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणताना काढलेल्या फोटोत बाळ स्पष्ट होतं, घेणाऱ्या बाईचे हात पुसट.

"अजून लहान टाकी बसवशील का?"

"बसवता येईल, पण फोटो काळा पडेल. फिल्म ६४० चीच आहे ना."

"मग उष्टावणाचं बघ. जूनमध्ये आहे, बागेत."

उन्हात उलटी अडचण असते: पाती इतक्या लवकर मिटूच शकत नाहीत, फोटो पांढुरका येतो. मी म्हटलं, फोटो उजळ-गडद करायचं चाक काळ्या बाजूला फिरवून थोडं सावरेल, पण मे महिन्यात कॅमेरा घेऊन या, लेन्सवर बसणारा फिल्टर करून ठेवतो.

"म्हणजे शेवटी तुझा फिल्टर लागलाच," काका म्हणाले.