कशावर काढू?

आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आपण मागतो तरी काय? साइन एक्स काढ, नाहीतर ही डेटा फाईल घे, पहिला स्तंभ आडवा, तिसरा उभा. एवढं गणित ते चुटकीसरशी करतं. खोळंबा होतो तो पुढे. काढायचं कशावर? पडद्यावर, पीएनजीत, पीडीएफमध्ये, की आणखी कुठे? ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये याचं उत्तर मिळवायची युक्ती इतकी साधी आहे, की वर्षानुवर्षं ते वापरणाऱ्यांनाही कधीकधी ती माहीत नसते. 'सेट टर्मिनल' एवढंच टाइप करायचं, पुढे काही न लिहिता एंटर मारायचा. आलेख कशाकशावर काढता येईल, त्या सगळ्याची यादी समोर येते; अशा प्रत्येक यंत्राला किंवा फाईल-प्रकाराला ग्नूप्लॉट 'टर्मिनल' म्हणतं. पडदा भरला की थांबते आणि पुढचं बघायला रिटर्न दाबा म्हणते.

मला ही यादी काही काम नसतानाही वाचायला आवडते. ग्नूप्लॉट १९८६ पासूनचं. त्या काळी आलेख ज्या ज्या यंत्रावर उमटे, त्यातल्या बऱ्याच यंत्रांची नावं अजून तिथे आहेत. जुन्या वाड्याच्या दारावर बिऱ्हाडं कधीच सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या पाट्या तशाच असतात ना, तशी. टेक्ट्रॉनिक्स ४०१० आहे. त्याच्या हिरव्या पडद्यावर एकदा ओढलेली रेघ तशीच टिकून राही, पण एकटी खोडता येत नसे. पुसायचा तर अख्खा पडदा. इमाजेनचा लेझर प्रिंटर आहे. एचपी २६४८ आहे. आज विशी-पंचविशीत असलेल्या कुठल्याही संशोधकाने यातलं एकही यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नसणार.

माझा लाडका मात्र 'एचपीजीएल', म्हणजे एचपीच्या प्लॉटरला हुकूम द्यायची भाषा. त्याच्यापुढे लिहिलेलं असतं: एचपी ७४७५ आणि त्याचे नातेवाईक. हा पेन प्लॉटर. सहा पेनं एका चक्रात खोचलेली. यंत्र स्वतः पेन उचलणार, कागद मागेपुढे सरकवणार आणि रेघ खरोखर शाईने ओढणार. या टर्मिनलला 'इजेक्ट' असा एक पर्यायही देता येतो. म्हणजे काढून झालं की कागद बाहेर ढकल. पीडीएफला असला शिष्टाचार कुठला?

आता थोडं कामाचं. यादी सगळ्यांकडे सारखी नसते. प्रोग्रॅम कंपाइल करताना, म्हणजे मूळ कोडमधून तयार करताना, कुठल्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) हाताशी होत्या, त्यावर ती अवलंबून. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर 'ग्नूप्लॉट-नॉक्स' नावाचं पॅकेज मिळतं. त्यात 'क्यूटी' आणि 'डब्ल्यूएक्सटी' हे खिडकी उघडणारे टर्मिनल नसतातच. तेव्हा घरी चाललेली स्क्रिप्ट विद्यापीठाच्या सर्व्हरवर अडली, तर स्क्रिप्टला शिव्या घालण्याआधी तिथली यादी बघावी. स्क्रिप्टमधूनच तपासायचं असेल तर 'जीपीव्हॅल_टर्मिनल्स' या चलात सगळी नावं असतात. निवडलेल्या टर्मिनलला काय काय जमतं, किती रंग, रेघांचे आणि ठिपक्यांचे कुठले प्रकार, हे पाहायला 'टेस्ट' हा एक शब्द पुरतो. सगळा नमुना एकाच चित्रात दिसतो. हे इतकं सोयीचं आहे की मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर हवं होतं.

यादीत 'अननोन' असंही एक टर्मिनल आहे आणि त्याच्यापुढे चक्क 'हे आलेख काढायचं साधन नाही' असा खुलासा आहे. नसलेल्या गोष्टीलाही यादीत जागा देणारा हा प्रोग्रॅम मला मोठा सरळमार्गी वाटतो. ते निवडलेलं असताना 'प्लॉट' म्हटलं, तर तो इशारा देतो की काहीही उमटणार नाही, आधी टर्मिनल निवडा.

आणि काहीच उपलब्ध नसलं तरी 'डम्ब' असतंच. ७९ स्तंभ, २४ ओळी, आणि त्यात चांदण्या-रेघांनी काढलेला आलेख. दिसायला अगदी ओबडधोबड. पण दूरच्या सर्व्हरवर रात्रभर सिम्युलेशन चालू आहे, नेट रडतंय, आणि वक्र खाली येतोय की वर जातोय एवढंच बघायचंय, तेव्हा खिडकी उघडायची वाट पाहण्यापेक्षा हे बरं. क्षणात कळतं.

जुनी नावं छाटून यादी सुटसुटीत करा, असं म्हणणारे भेटतात. 'इमाजेन' खुशाल काढा, माझी हरकत नाही. 'एचपीजीएल'ला मात्र हात लावू नका. जुने पेन प्लॉटर शोधून, दुरुस्त करून त्यांच्यावर चित्रं काढणारे हौशी लोक आजही आहेत, आणि त्यांच्या यंत्रांना अजून हीच भाषा कळते.