अल ऐनला आइस हॉकी बघायला जाताय? आधी परतीचं ठरवा

मॅच एक नंबर होती, जायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या दुबईतल्या मंडळाच्या ग्रुपवर ज्याने कोणी "दीड तासात पोचता, तासाभराची मॅच, नऊपर्यंत घरी" असं टाकलं होतं त्या माणसाला माझा कोपरापासून नमस्कार. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. म्हणून हे लिहितोय, पुढच्या वेळी तुम्ही जाल तर निदान तुमचे पैसे वाचू देत.

तर झालं असं की ३१ मे ते ६ जून २०२५ मध्ये अल ऐनला (यूएईतलंच, अबू धाबीकडचं गाव) बायकांचा आइस हॉकीचा एशिया कप होता. बर्फ पडणारे मोठे देश यात नसतात, आपल्यासारखे, फिलिपिन्स, इराण, यजमान यूएई असे शिकाऊ गटातले देश असतात. आपली टीम म्हणजे मुख्यतः लडाखच्या आणि हिमाचलच्या मुली. २०१६ ला तैपेईत पहिल्यांदा इंटरनॅशनल खेळल्या तेव्हा बेक्कार हरल्या होत्या, २०१७ ला बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिली मॅच जिंकल्या, आणि इथे ब्राँझ घेऊन गेल्या. दुबईपासून बसच्या अंतरावर आपली टीम खेळतेय आणि मंडळातले निम्मे लोक घरी बसून क्रिकेटचे जुने हायलाइट्स बघतायत हे मला झेपलं नाही, म्हणून मी, बायको आणि मेव्हणा निघालो.

जातानाचं सोपं आहे. बर दुबईतल्या अल घुबैबा स्टँडवरून ई-२०१ बस, माणशी २५ दिरहम, नोल कार्डवर (दुबईच्या बस-मेट्रोचं कार्ड). उभं राहून नेत नाहीत, सीट भरल्या की दार बंद, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी एखादी बस डोळ्यांसमोर जाणार हे धरूनच चाला. बसायला मिळालं की दोन तास, दीड वगैरे विसरा. आणि कार्डात परतीचे पैसेसुद्धा दुबईतच भरून ठेवा, तिकडे पोचल्यावर कुठे भरायचे शोधत बसू नका.

अल ऐनच्या स्टँडवर उतरलात की पहिला झटका. तिथल्या सिटी बसला नोल चालत नाही, ती अबू धाबीची व्यवस्था आहे, तिला हाफिलात कार्ड लागतं. आमच्याकडे नव्हतं. बाहेर ऊन कसलं तर आदल्या आठवड्यात, २४ मेला, अल ऐनच्या वरच्या अंगाला असलेल्या स्वैहानला ५१.६ डिग्री नोंदलं गेलं होतं. "रिंक जवळच आहे, चालत जाऊ" हा विचार ज्याच्या डोक्यात येईल त्याने तो तिथेच सोडावा. मीटरची टॅक्सी घ्या, जाताना तरी ती लगेच मिळते आणि फार पैसे होत नाहीत. अजून एक, हे गाव ओमानच्या बुरैमीला अगदी चिकटलेलं आहे, त्यामुळे मधेच फोन ओमानचं नेटवर्क पकडतो. रोमिंग बंद करून ठेवा. बायकोच्या फोनवर "वेलकम टू ओमान" आला आणि मॅप बंद पडला, नेमका तेव्हाच टॅक्सीवाला रस्ता विचारत होता.

आता रिंक. "आत एसी आहे" असं सांगितलेलं. एसी कसला, खालच्या काँक्रीटमधल्या पाइपांतून थंडगार द्रव फिरवून बर्फ धरून ठेवलेला असतो, त्या हवेत अर्ध्या तासात पाय गारठतात. जाड जॅकेट, मोजे, कानटोपी. बाहेर पन्नासच्या आसपास आणि हातात स्वेटरची पिशवी, लोक बघतात, बघू देत. मेव्हणा चप्पल घालून आला होता, दुसऱ्या पिरियडपासून (मॅचचे असे तीन भाग असतात) त्याने पाय माझ्या बॅगेत घातले होते.

बसायचं कुठे हेही सांगतो. काचेला चिकटून पहिल्या रांगेत अजिबात बसू नका, काच ओरखड्यांनी भरलेली असते आणि पलीकडच्या कोपऱ्यातलं काही दिसत नाही. गोलच्या मागे जाळी असते, तिथेही नको. खेळाडूंच्या बेंचच्या समोरच्या बाजूला, जरा वर बसा. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतात आणि चालू खेळात कुंपणावरून उडी मारून बदलतात, ते समोरून बघण्यात अर्धी मजा आहे. पक केवढासा, काळ्या रबराची पावणेदोनशे ग्रॅमच्या आतली चकती, पहिली दहा मिनिटं ती दिसतच नाही. पक शोधू नका, मुली कुठे वळतायत ते बघा, आपोआप सापडते. आपल्या मुली कडेच्या फळीवर ज्या घुसत होत्या ना, आवाज वरपर्यंत येत होता, ओरडून ओरडून माझा घसा बसला. स्कोअर वगैरे नेटवर मिळेल, तो इथे लिहीत बसत नाही.

मुख्य मुद्दा वेळेचा. साठ मिनिटांचा खेळ हे कागदावर. वीस-वीसचे तीन पिरियड, पण शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं, आणि शिट्टी सारखी वाजते. मधे पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या, त्यात ते मोठं यंत्र येऊन वरचा खरवडलेला थर काढतं आणि गरम पाणी सोडतं, म्हणजे भेगा भरून बर्फ सपाट गोठतो. बघायला मस्त वाटतं पण तुमची बस जाते. सव्वादोन तास धरा, अडीच धरले तर उत्तम.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. ईदच्या सुट्ट्या तोंडावर, ६ जूनलाच ईद होती, त्यामुळे अख्खं गाव रस्त्यावर आणि रिकामी टॅक्सी शोधून सापडेना. कशीबशी एक मिळाली, स्टँडवर आलो तर बसच्या रांगेचं टोक दिसत नव्हतं. तिथे एक जण "दुबई दुबई" करत फिरत होता. कारलिफ्ट, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन नेणारी खाजगी गाडी. माणशी ६० म्हणाला. बसलो. चौथी सीट भरेपर्यंत गाडी हलणार नाही म्हणाला, पाऊण तास एसी बंद, काचा वर. चौथा आला, निघालो, आणि हायवेला लागल्यावर गडी म्हणतो ईद आहे, शंभर द्या. मेव्हणा हिंदीत भांडला, मी मराठीत भांडलो, काही उपयोग नाही, काळोखात मधे कुठे उतरणार? वर दुबईत करामाला सोडतो म्हणून ठरलेलं आणि दुबईच्या वेशीजवळच्या सिलिकॉन ओअॅसिसच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन "पुढे चेकिंग असतं, उतरा". तिथून पुढे मीटरची टॅक्सी, ६० अजून. म्हणजे ज्या रस्त्याला तिघांचे ७५ व्हायचे तिथे ३६० गेले आणि घरी पोचायला रात्रीचा एक वाजून गेला. याला मी लूटच म्हणतो. स्टँडबाहेरच्या खाजगी गाडीत बसूच नका, कितीही रात्र झालेली असो. ते बेकायदेशीर असतं, त्यामुळे फसलात तर तक्रार करायचीही पंचाईत.

यूएईचं लायसन्स असेल तर सरळ भाड्याने गाडी घ्या. मेव्हण्याने नंतर चौकशी केली, छोटी गाडी दिवसाला शंभर-सव्वाशेत मिळत होती, पेट्रोल धरूनही आमच्यापेक्षा स्वस्त. लायसन्स नसेल आणि मॅच संध्याकाळची असेल तर एक तर तिसरा पिरियड सोडून निघा (मी निघणार नाही, तुम्हीही निघणार नाही, बघा) किंवा मुक्काम करा. मुक्कामाचं हॉटेल आधी बुक करा, ईदला ऐनवेळी विचारलं तर भाव दुप्पट सांगत होते. दुपारची मॅच असेल तरच बसने एका दिवसात होतं.

मुक्काम केलातच तर सकाळी खजुराची ती ओअॅसिस आहे, युनेस्कोच्या यादीतली, सावली आहे, छान आहे. जेबेल हाफीत डोंगरावर संध्याकाळी गाडीने जा. खाण्याची चिंता नाही, कुठल्याही मलबारी कॅफेटेरियात पराठा आणि कडक चहा मिळतो, रिंकवर मात्र पाण्याच्या बाटलीलाही हात लावू नका.

एशिया कप परत तिथे कधी येईल तेव्हा येईल, पण अल ऐनचा थीब्स नावाचा क्लब आहे, तो एमिरेट्सच्या लीगमध्ये खेळतो. थंडीच्या दिवसांत लीगची मॅच गाठलीत तर उन्हाचा प्रश्नच मिटला. जॅकेट मात्र तेव्हाही लागेलच, आणि परतीची गाडी कोण चालवणार हे घरातून निघायच्या आधी ठरवा.