फलक क्रमांक पाच

तक्रार छत्रीची होती. निदान सुरुवात तरी छत्रीवरूनच झाली.

मी फिरत्या विज्ञान संग्रहालयाच्या बसवर असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात बस लावायची, दिवसभर पोरांना तरफा, भिंगं, सांगाडा दाखवायचा, रात्री दुर्बिणीतून चंद्र दाखवायचा, सकाळी पुढच्या गावाला निघायचं. अकरा वर्षं झाली. सांगाड्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कुठल्याशा गावात पोरांनी काढून नेली, ती अजून बसवून झालेली नाहीत.

त्या वर्षी 11 फेब्रुवारीला आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात होतो. विज्ञानातल्या स्त्रियांचा आणि मुलींचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली ही तारीख ठरवली. आमच्या बसमध्ये न्यूटन आहे, एडिसन आहे, रमण आहेत; बाई एकही नाही. हे आमच्या ध्यानात यायलाच काही वर्षं गेली. म्हणून तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून आठ फलक करून घेतले. त्याचा हात वाढदिवस, तेरवी आणि 'भावी सदस्य' यांवर बसलेला. सवयीनं त्यानं आठही जणींना गोरं करून टाकलं. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल तर ओळखूच येईनात. "फ्रेश वाटते न सर," म्हणाला. आणि अण्णा मणींच्या फोटोखाली जागा उरली, तिथं स्वतःच्या मनानं एक मोठी छत्री टाकली. हवामानखात्यातल्या बाई म्हटल्यावर दुसरं काय टाकणार?

आता हे दिवस झेडपीच्या निवडणुकीचे. शाळा म्हणजे मतदान केंद्र. पाण्याच्या टाकीवरचं देणगीदाराचं नावसुद्धा गुरुजींनी कागद चिकटवून झाकलेलं. आणि गावातल्या एका अपक्ष बाईंची निशाणी, ओळखलंच असेल, छत्री.

सकाळी आठला व्हरांड्यात फलक बांधत होतो, तेव्हा एक म्हातारबा काठी टेकवून उभे राहिले. एकेक चेहरा निरखून त्यांनी विचारलं, "ह्या कोन्त्या पार्टीच्या बाया हायेत बाप्पा?" मी हसलो. साडेदहाला भरारी पथकाची जीप आली, मागोमाग पटवारी आणि कोतवाल. पथकप्रमुखांनीही तेच विचारलं, फक्त शुद्ध भाषेत. आता हसायची सोय नव्हती, कारण त्यांच्यासोबतचा व्हिडिओवाला शूटिंग करत होता.

छत्रीचा निकाल लवकर लागला. खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी कणकेची खळ करून दिली, ड्रायव्हरकाकांनी छत्रीवर पांढरा कागद डकवला. पण साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. ते पुढचे फलक वाचत गेले आणि कमला सोहोनींपाशी अडले.

"इथं सत्याग्रह लिहिलंय. कोणाविरुद्ध?"

"रमण यांच्याविरुद्ध, सर."

"ते कोणत्या पक्षाचे?"

मी सांगितलं. 1933 साली कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आल्या, रमण संचालक असलेल्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, आणि बाई आहे म्हणून रमण यांनी तो नाकारला. ती दारात बसली. शेवटी वर्षभर पारखून पाहू, कामानं समाधान झालं तरच बघू, अशा अटींवर आत घेतलं. वर्षानंतर रमण यांचं मत बदललं आणि तिथं मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यापासून सुरुवात करून तिनं दाखवलं की सायटोक्रोम सी हे पेशींना ऊर्जा मिळवायला लागणारं द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतं; 1939 मध्ये पीएचडी. साहेबांच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात त्यांनी स्वतःच्या पोरांना नेलं होतं. "असं काही तिथं कोणी आम्हाला सांगितलं नाही," एवढंच बोलले आणि पटवाऱ्याकडे वळले. "पंचनामा करून टाका. नंतर कटकट नको."

पंच म्हणून खिचडीच्या दोघी बाया उभ्या केल्या. पटवाऱ्यानं सवयीनं कोऱ्या कागदाच्या तळाशी बोट ठेवलं: इथं सही करा. थोरली बाई काही पेन हातात घेईना.

"वाचून दाखवा आंधी. मांगं एकदा न वाचता सही देल्ली, अजून निस्तरून राह्यली मी."

काय निस्तरत होती ते तिनं सांगितलं नाही, पटवाऱ्यानंही विचारलं नाही. मात्र एकेक कलम लिहून मोठ्यानं वाचायची पाळी त्याच्यावर आली. तोवर पटांगणात शे-दीडशे माणूस जमलं होतं. जीप आली की गाव गोळा होतंच. विज्ञानाच्या बसला इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती, आणि बोलत होता पटवारी.

"फलक क्रमांक एक. आनंदीबाई गोपाळराव जोशी, जन्म कल्याण. सन 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतल्याचे दिसून येते. सन 1887 मध्ये मयत, वय वर्षे 21." मागून कोणीतरी चुकचुकलं. "फलक क्रमांक दोन. मेरी क्युरी, राहणार पॅरिस. नोबेल पारितोषिके, नग दोन. सदर महिलेचा स्थानिक मतदार यादीशी संबंध आढळून आला नाही." जानकी अम्मलपुढे त्यानं नुसतं 'ऊस' लिहिलं. अहो, कोइमतूरला संकर करकरून त्यांनी आपला ऊस गोड करायला हातभार लावला, असं मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि 'गोड' हा शब्द आधी घातला. गोड ऊस. झालं.

चौथ्या फलकापाशी मात्र पेन थांबलं. पटवारी स्वतःच विचारू लागला, "पर्जन्यमापक ह्या बाईचं?"

शोध त्यांचा नाही, म्हटलं. पण स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे हवामानाची यंत्रं बाहेरून यायची. अण्णा मणी 1948 मध्ये पुण्याला हवामानखात्यात आल्या आणि सुमारे शंभर यंत्रांचे आराखडे त्यांनी एका मापात आणले, ती इथंच बनवून घेतली. रमण यांच्या हाताखाली त्यांनी हिऱ्यांवर संशोधन केलं होतं, प्रबंधही दिला होता. एमएस्सी नाही म्हणून विद्यापीठानं पीएचडी दिली नाही. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, या वळणाच्या बाई.

पटवाऱ्याला हे लागलं, कारण दर पावसाळ्यात त्याचं निम्मं आयुष्य पावसाच्या आकड्यावर चालतं. महसूल मंडळात, म्हणजे गावांच्या एका गटात, चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस गेला तर अतिवृष्टी. मग पंचनामे, मग मदत. आणि नेमका त्याच वेळी गर्दीतून एक शेतकरी पुढे आला.

"मंग माह्या वावरात बांध फुटला, सोयाबीन वाहून गेलं, अन् कागदावर बासष्टच कसे आले? इचारा न या बाईले."

सगळे हसले. तो हसला नाही. पटवारी कागदात पाहू लागला.

मला अशा वेळी काय बोलावं सुचत नाही, म्हणून मी बसमधलं पर्जन्यमापक आणून पायरीवर ठेवलं. वर नरसाळं, आत बाटली, बाजूला काचेचं मोजपात्र. सातवीच्या एका पोरीला बोलावलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढंच तिला सांगितलं. एकराचे 4047 चौरस मीटर तिला पाठ होते; शेतकऱ्याची पोर. तिनं खडूनं व्हरांड्याच्या फरशीवरच गुणाकार मांडला, हातचे बोटांवर धरले, एकदा चुकली, पायानं पुसलं, पुन्हा केला. 65 ला गुणून 2,63,055 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वीस टँकर, एका एकरात, एका दिवसात.

"सव्वीस!" तो शेतकरी म्हणाला. "अन् उन्हाळ्यात एक येते तं गाव भांडते."

मग माझ्याकडे वळला. "म्हंजे मशीन खोटं नाही बोलत?"

"नाही. पण ते एका जागी उभं असतं, आणि मंडळात बरीच गावं असतात. तुमच्या वावरात काय पडलं ते त्याला दिसत नाही."

त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. त्यानं वाकून नरसाळ्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला, विकत घेताना भांडं तपासतात तसा, आणि विचारलं, "केवढ्याले भेटते?"

भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींबद्दल फारसं बोलता आलं नाही. दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोच्या काचा ठेवून आकाशातून येणारे कण टिपणं हे भर उन्हात, जीपच्या हॉर्नमध्ये समजावणं मला जमत नाही. चांगल्या प्रतीच्या काचा त्यांना युद्धामुळे मिळाल्या नाहीत आणि त्याच वाटेनं गेलेल्या इंग्रज शास्त्रज्ञाला 1950 मध्ये नोबेल मिळालं, एवढं सांगून पुढे सरकलो.

आठव्या फलकावरच्या डॉ. राणी बंग सगळ्यांना माहीत. साहेबसुद्धा म्हणाले, "यांचं लिहू नका काही, यांना कोण पक्षात घेतंय!" पण फलकावरचा मजकूर तसा कोणाला माहीत नव्हता. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायांना त्यांनी तपासलं. 92 टक्के बायांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, तेव्हा बायांचा आजार म्हणजे फक्त बाळंतपण असं जगभरचे शहाणे धरून चालले होते. हा फलक मी नेहमी घाईनं आटपतो; पुरुष माणूस, शब्द घशात अडकतात. गावच्या आशाताईनं मला हातानं बाजूला सारलं. "सर, तुमी तिकडं सांगाडा दाखवा." पुरुषांनाही तिनं पिटाळलं. वीसेक बाया फलकाला घोळका करून उभ्या राहिल्या, आणि अर्धा तास तिकडून नुसती कुजबुज येत होती.

राहिला फलक क्रमांक पाच.

असीमा चॅटर्जींवर माझं भाषण तयार होतं. कलकत्त्याच्या रसायनशास्त्रज्ञ, 1944 मध्ये डीएस्सी, सदाफुलीसारख्या झाडांतली औषधी द्रव्यं वेगळी काढण्याचं काम, पाणथळ जागी उगवणारी चार पानांची एक वनस्पती आणि जटामांसी यांपासून मिरगीवरचं औषध, मलेरियावरचंही. शाळेच्या कुंपणालगत सदाफुली फुललेली होती, तिच्याकडे हात करून बोलायचं हेही ठरवलेलं. पण साहेब मोबाईल घेऊन हातपंपाकडे गेले होते. गावात रेंज तेवढ्याच जागी येते. परत आले ते पावलं मोजत.

"ह्या बाई खासदार होत्या."

मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी स्क्रीन पुढे धरली. 1982 ते 1990, राज्यसभा, राष्ट्रपतिनियुक्त. खरंच होतं. आठ फलकांचा मजकूर मीच लिहिलेला आणि हे मला माहीत नव्हतं. व्हिडिओवाल्यानं माझा चेहरा बरोबर टिपला.

"नियुक्त आहेत सर, निवडून आलेल्या नाहीत. आणि 2006 मध्ये वारल्या."

"मयत पुढाऱ्यांचे फोटो झाकतोच की आपण." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर नियमानं वागणाऱ्या माणसाचा मला रागही आला नाही.

झाकायला पेपर आणला. पहिल्या पानावर दोन पुढारी हात उंचावून हसत होते. "उलटा लावा!" साहेब ओरडले. उलट्या पानावर तिसरा. शेवटी आतलं पान निघालं, त्यावर कापसाचे भाव आणि वधू-वर पाहिजेत. ते असीमाबाईंच्या चेहऱ्यावर चिकटपट्टीनं लावलं. पंच बाईनं पूर्ण पंचनामा पुन्हा एकदा वाचून घेतला, मग सही केली. अक्षर ठसठशीत, पटवाऱ्यापेक्षा चांगलं. कोतवालाला राखणीला ठेवून जीप गेली.

आणि मग जे झालं ते मी अकरा वर्षांत कुठं पाहिलं नाही. सात उघड्या बायांपुढून लोक सावकाश चालत जायचे आणि पाचव्या फलकापाशी अडकायचे. पेपरामागं आहे काय? पोरं खालून डोकावली. बायांनी कोपरा उचलला. म्हातारबा सकाळचेच, काठीनं पान वर करून म्हणाले, "साधीच तं बाई हाये." संध्याकाळपर्यंत चिकटपट्टी चारदा बदलली. दुर्बिणीत चंद्र लावला तरी रांग चंद्राकडे कमी आणि फलकाकडे जास्त. ड्रायव्हरकाका चिडून म्हणाले, उद्यापासून चंद्रावरही पेपर लावू.

कोतवाल सुरुवातीला हटकत होता. दिवेलागणीनंतर त्यानं नाद सोडला आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्वतःच पान वर धरून बोट फिरवत वाचू लागला. साडेआठला सामान आवरताना तो माझ्याजवळ आला. आसपास कोणी नाही असं पाहिलं.

"सर, मिरगी म्हंजे फिटच न?"

"हो."

"माह्या पोरीले येते. दहावीत हाये. आमी कांदा हुंगवतो."

फलकावरचं औषध पाहून कुठलं चूर्ण आणू नका, असं मी आधी सांगितलं. कांदा नको, चप्पल नको. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. यवतमाळला सरकारी दवाखान्यात मेंदूच्या आजारांचं विचारा, आणि गोळ्या सुरू झाल्या की एक दिवसही चुकवायच्या नाहीत, बरं वाटलं तरी. त्यानं ते सगळं पेपराच्या समासात पेननं लिहिलं, उभ्या उभ्या, वधू-वर पाहिजेतच्या बाजूला. मग तेवढा तुकडा फाडून खिशात घातला, उरलेलं पान पुन्हा फलकावर नीट ओढलं आणि अंगठ्यानं चिकटपट्टी दाबली. खालचा कोपरा फाटला होता. तिथून असीमाबाईंच्या साडीचा काठ दिसत होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "तेवढा चालते."