आखाताचा समुद्र निळा नसतो

दांडिया बाजारातल्या एका काकूंनी हॉलसाठी समुद्राचं पेंटिंग सांगितलं, निळंशार पाणी आणि माड हवेत म्हणाल्या. मी म्हटलं, काकू मी फोटोवरून करत नाही, जागेवर बसून रंगवते, आणि बडोद्याहून जवळ म्हणजे कावी-कंबोई, जंबुसरच्या पुढे, मही नदी खंभातच्या आखाताला मिळते तिथे. बघ बाई काय जमतंय, म्हणाल्या.

मुद्दाम अमावस्या धरली, उधाणाच्या भरतीसाठी. खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होत जातं, त्यामुळे आत आलेल्या पाण्याला पसरायला जागाच नसते मग ते वर चढतं, भावनगरच्या बाजूला तर भरती-ओहोटीत 10 मीटरच्या आसपास फरक पडतो. सकाळी सेव उसळ खाऊन निघालो, मी आणि माझी एक विद्यार्थिनी. पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी. ती बिचारी विचारते, ताई समुद्र कुठेय? समोर नुसता चिखल, थेट क्षितिजापर्यंत.

पण तो चिखल काय सुंदर होता! ऊन आमच्या पाठीमागून, पायाजवळ गाळाचा खरा तपकिरी रंग आणि जसजशी नजर लांब जाते तसतसं त्या ओल्या गाळात आकाश उतरत जातं, शेवटी कुठे चिखल संपला आणि कुठे आकाश सुरू झालं ते कळेना. जलरंगातला बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, त्यात थोडा अल्ट्रामरीन निळा, लांबच्या भागात नुसतं पाणी वाढवत नेलं. खाऱ्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, वेट-ऑन-वेटला, म्हणजे ओल्यावर ओला रंग सोडायला, ते फारच बरं, पुढच्या चिखलातले कडक ओरखडे मात्र कागद वाळेपर्यंत ताटकळत बसून मग मारावे लागले.

दुपारी पाणी आलं. लाट वगैरे फुटत नाही तिथे, पाणी सरळ वर वर येत राहतं, काठाजवळचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ बघता बघता त्यात बुडून जातं, लोक आधीच दर्शन उरकून काठावर उभे असतात. सकाळच्या कागदाला मी हात लावला नाही, प्रकाश बदलला की ते चित्र वेगळंच असतं, नवीन कागद घेतला. सूर्य आता समोर, आणि तेच गाळाचं गढूळ पाणी चांदीसारखं पांढरं. यलो ओकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, अगदी पातळ वॉश आणि मधे कोरा कागद सोडला, बस.

चित्रकार ना. श्री. बेंद्रे 1950 च्या सुमारास बडोद्याच्या आमच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवायला आले ते मूळ इंदूरचे, त्यांचे लँडस्केप बघतच मी शिकले, समोर जो रंग आहे तो आधी नीट बघ हे माझ्या डोक्यात तिथूनच बसलंय.

काकूंना दोन्ही नेऊन दाखवली. निळा थोडा टाक ना गं, म्हणाल्या. मी सरळ नाही म्हटलं, कोकणात जाईन तेव्हा तिथला निळा आणि माडसुद्धा देईन, पण या पाण्यात तो नाहीये. दुपारचं त्यांनी ठेवून घेतलं. सकाळचं चिखलाचं परत आलं, मला तेच जास्त आवडलंय आणि ते मी विकणार नाहीये.