वडिलांकडून आलेलं औषध: लंडनमध्ये मन्रो घराण्याच्या मागावर

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात सकाळी ऑफिसची गर्दी उसळलेली असते. १२४७ साली याच जागी सेंट मेरी ऑफ बेथलेहेम नावाचा मठ उभा राहिला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मनोरुग्ण ठेवले जात होते, अशी नोंद आहे. पुढे तेच बेथलेम रुग्णालय झालं आणि लंडनकरांनी त्याला बेडलम म्हणायला सुरुवात केली. एलिझाबेथ लाइन या नव्या रेल्वेमार्गाच्या कामासाठी २०१५ मध्ये इथे खोदकाम झालं, तेव्हा बेडलमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या दफनभूमीतून तीन हजारांहून अधिक सांगाडे निघाले. त्यातले बहुतेक रुग्णालयातले नव्हेत, शहरातली साधी माणसं.

मी मात्र आले होते एका डॉक्टर घराण्यासाठी. १७२८ साली जेम्स मन्रो बेथलेमचे मुख्य वैद्य झाले. त्यांच्यानंतर मुलगा जॉन, मग नातू थॉमस, मग पणतू एडवर्ड. १८५०च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षं, इंग्लंडमधल्या सगळ्यात प्रसिद्ध मनोरुग्णालयाची ती खुर्ची एकाच घरात राहिली. (आपल्या इतिहासात पेशवाईच्या अखेरीला भेटणारे आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले टॉमस मन्रोसाहेब ते वेगळे. हे थॉमस त्यांचे समकालीन, एवढंच.)

या विषयाशी माझं नातं घरातलं आहे. आमचे धाकटे काका तरुणपणापासून स्किझोफ्रेनियाने आजारी आहेत. त्यांच्या गोळ्या, त्यांचे डॉक्टर बदलणं, कुणी सांगितलेला अंगारा, कुणी सुचवलेला काढा, हे सगळं बघत आम्ही भावंडं मोठी झालो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वेडाचा इलाज करणारं घर म्हटल्यावर मला नुसतं कुतूहल वाटलं नाही. त्या घराने रुग्णांना काय दिलं, ते मला बघायचं होतं.

जेम्स मन्रोंच्या काळातलं बेथलेम या स्टेशनाच्या जागी नव्हतं. १६७६ मध्येच ते जवळच्या मूरफील्ड्सला, रॉबर्ट हुकने बांधलेल्या एका राजवाड्यासारख्या लांबलचक इमारतीत गेलं होतं. शहराच्या जुन्या तटाबाहेरचा खंदक बुजवून त्यावर ती बांधली होती. पाया कच्चा, त्यामुळे भिंती पुढे खचत गेल्या. आता फिन्सबरी सर्कसच्या आसपास ऑफिसांच्या काचा आहेत, इमारतीचा मागमूसही नाही. तिचं आतलं रूप बघायचं तर लिंकन्स इन फील्ड्समधल्या वास्तुविशारद सर जॉन सोन यांच्या घरी जावं लागतं. ते घर आता संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. तिथल्या चित्रांच्या खोलीत भिंतींनाच दारं आहेत. कर्मचारी एकेक फळी उघडतो आणि आत आणखी चित्रं निघतात. त्यात विल्यम होगार्थची एका उधळ्या तरुणाच्या अधःपाताची आठ चित्रं आहेत, १७३०च्या दशकातली, म्हणजे जेम्स मन्रोंच्या कारकिर्दीतलीच. आठव्या चित्रात तो तरुण बेडलममध्ये पोहोचला आहे. डोकं भादरलेलं, अंगावर कपडा जवळजवळ नाहीच, आणि पायात बेडी. त्याच्यामागे दोन नटलेल्या बायका. एकीने तोंडासमोर पंखा धरलाय, पण नजर पंख्याच्या आडून सुटलेलीच आहे.

त्या बायका चित्रकाराच्या कल्पनेतल्या नाहीत. १७७० पर्यंत बेथलेममध्ये लोक रुग्ण बघायला जात. सणासुदीला गर्दी होई, दाराशी दानपेटी असे. त्यानंतर विश्वस्ताची चिठ्ठी लागायला लागली. मी त्या चित्रासमोरून लवकर हलले, कारण मला आमच्या वाड्याच्या खिडक्या आठवल्या. काकांना अॅटॅक आला की समोरच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या.

जेम्स मन्रोंनी काही लिहून ठेवलं नाही. जॉन मन्रोंनी लिहिलं, तेही चिडून. १७५१ मध्ये मूरफील्ड्सलाच, बेथलेमच्या अगदी जवळ, सेंट ल्यूक्स नावाचं दुसरं मनोरुग्णालय निघालं. तिथले वैद्य विल्यम बॅटी विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन जात, शिकवत. १७५८ साली बॅटींनी वेडावर एक प्रबंध छापला. बेथलेममध्ये सरसकट रक्त काढणं, ओकाऱ्या काढवणं, जुलाब देणं चालायचं, त्यावर त्यात रोख होता. जॉन मन्रोंना तो वडिलांचा अपमान वाटला. त्याच वर्षी त्यांनी उत्तर छापलं, आणि त्याच्या सुरुवातीलाच म्हटलं की वेड हा आजारच असा आहे की त्याविषयी खऱ्या उपयोगाचं फारसं काही सांगता येत नाही.

हे वाक्य मला प्रामाणिक वाटतं. अडीचशे वर्षांपूर्वी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. जॉन मन्रोंची १७६६ची रुग्णांची वही सापडलेली आहे आणि छापलीही गेली आहे. ते श्रीमंतांच्या घरी जायचे, नातेवाइकांचं ऐकायचे, टिपून ठेवायचे. निष्काळजी माणूस असं करत नाही. पण सांगण्यासारखं काही नाही हे कबूल केल्यावर मग तपासून तरी बघायला हवं होतं. कोणत्या रुग्णाचं रक्त काढलं, कोणाचं नाही, कोण सुधारलं, एवढं तरी. तिथे वडिलांचा मान आडवा आला.

लॅम्बेथ नॉर्थ स्टेशनला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की इम्पिरियल वॉर म्युझियम लागतं. समोर युद्धनौकेच्या दोन प्रचंड तोफा, मागे खांबांची दर्शनी बाजू आणि वर घुमट. लोक तोफांसोबत फोटो काढतात. ही इमारत म्हणजे बेथलेमचंच पुढचं घर. १८१५ मध्ये रुग्णालय मूरफील्ड्सहून इथे हललं. १९३० मध्ये इथूनही गेलं, तेव्हा दोन्ही बाजूंचे रुग्णांचे लांब वॉर्ड पाडले, मधला भाग राहिला आणि त्यात १९३६ साली युद्धाचं संग्रहालय आलं. वॉर्डांच्या जागी आता हिरवळ आहे. आम्ही गेलो तेव्हा मुलं चेंडू खेळत होती. माझी मावसबहीण म्हणाली, "ताई, मी इथे शाळेच्या मुलांना घेऊन कितीदा आलेय, मला कुणी बोललं नाही गं हे."

स्थलांतराच्या आदल्या वर्षी, १८१४ मध्ये, एडवर्ड वेकफील्ड नावाचे समाजसेवक काही खासदारांना घेऊन जुन्या बेथलेममध्ये गेले. एका कोठडीत त्यांना जेम्स नॉरिस भेटला. गळ्यात लोखंडी कडं, त्याला आखूड साखळी, ती भिंतीलगतच्या उभ्या लोखंडी दांड्यात अडकवलेली. छातीभोवती लोखंडी पट्टा, त्यातच दंड जखडलेले. तो भिंतीला लागून उभा राहू शके, नाहीतर पाठीवर पडून राही. कूस बदलता येत नसे. अशी दहा वर्षं. आणि तो माणूस पुस्तकं वाचायचा, वर्तमानपत्र वाचायचा, पाहुण्यांशी राजकारणावर नीट बोलायचा. गवगवा झाल्यावर साखळ्या सैल केल्या. पुढच्याच वर्षी तो वारला. नवी इमारत त्याने पाहिली नाही.

१८१५ मध्ये संसदेच्या समितीने डॉक्टर थॉमस मन्रोंना समोर बसवून विचारलं. त्यांनी उपचारांचं वेळापत्रक सांगितलं: मेअखेरीला, हवामान बघून, रुग्णांचं रक्त काढायचं. मग काही आठवडे दर आठवड्याला ओकारीचं औषध. मग जुलाब. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, ते म्हणाले, मला ते वडिलांकडून आलं आणि याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही. साखळ्यांविषयी विचारलं तेव्हा म्हणाले, त्या गरीब रुग्णांनाच योग्य. सभ्य गृहस्थाला घातल्या तर त्याला आवडणार नाही.

मी हे आधी वाचलं होतं. तरी त्या हिरवळीवरच्या बाकावर बसून बहिणीला सांगताना माझा आवाज चढला. ऋतू बदलला म्हणून सगळ्या वॉर्डाचं रक्त काढायचं! आजार कुणाचा कोणता, हा प्रश्नच नाही. आणि त्याच काळात यॉर्कला विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ पासून क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसाठी साखळदंडांशिवायचं मनोरुग्णालय चालवून दाखवलं होतं. तो डॉक्टर नव्हता. त्याच्या नातवाने, सॅम्युअलने, १८१३ मध्ये तिथलं सगळं काम लिहून छापलंही होतं. म्हणजे याहून चांगली पद्धत ठाऊक करून घ्यायची सोय होती. थॉमस मन्रोंना १८१६ मध्ये पद सोडावं लागलं. त्या जागी आला त्यांचाच मुलगा.

इतकं झाल्यावर थॉमस मन्रोंना खलनायक म्हणून मोकळं होता येईल असं वाटलं होतं. टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाच्या रेखाचित्रांच्या अभ्यासिकेत ते अवघड झालं. आधी वेळ ठरवून तिथे मूळ कागद बघता येतात. समोर आले आल्प्सचे डोंगर, इटलीतली तळी, सगळं फक्त निळ्या आणि करड्या पाण्याच्या रंगात, खाली पेन्सिलीची बारीक रेघ. एका कागदाच्या कडेला रंग कोरडा व्हायच्या आत कुणाची तरी बोटं लागली असावीत, तिथे निळा डाग फिसकटला होता. हे काम टर्नर आणि गर्टिन या दोन पोरसवदा चित्रकारांचं. १७९०च्या दशकात स्ट्रँडजवळच्या अॅडेल्फी टेरेसमधल्या डॉक्टर मन्रोंच्या घरी ते संध्याकाळी येत, डॉक्टरांच्या संग्रहातली चित्रं उतरवून काढत. त्याबद्दल थोडे शिलिंग आणि रात्रीचं जेवण मिळे. टर्नरने तोवर देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तो १८०२ मध्ये पहिल्यांदा आल्प्स बघणार होता.

आणि ही इटली, हे डोंगर कुठून आले? त्यातले कितीतरी जॉन रॉबर्ट कझन्सच्या चित्रांवरून. कझन्स इटलीत राहून आलेला मोठा चित्रकार. १७९४ मध्ये त्याचं मन ढासळलं, तेव्हापासून तो डॉक्टर थॉमस मन्रोंच्याच देखरेखीखाली होता. १७९७ मध्ये तो वारला. त्याची चित्रं डॉक्टरांनी जपली, तरुणांपुढे ठेवली, आणि इंग्रजी जलरंगचित्रांची एक अख्खी पिढी त्यावर हात बसवत घडली. मन्रो १८३३ मध्ये गेल्यावर संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा टर्नरने स्वतःच्या पोरवयातली ही चित्रं पैसे मोजून परत घेतली. त्यामुळेच ती आज टेटमध्ये आहेत.

कझन्सला कुणी साखळीत ठेवल्याचं मी कुठे वाचलं नाही. नॉरिसला ठेवलं. डॉक्टर एकच. बेथलेमचं मानधन नाममात्र होतं, खरी कमाई खासगी रुग्णांवर आणि हॅकनीतल्या ब्रूक हाउससारख्या घराण्याच्या खासगी आश्रमावर. रुग्णालयात डॉक्टर क्वचितच फिरकत. मला वाटतं, या माणसाकडे नजर होती, माया होती, फक्त ती कुणाच्या वाट्याला यायची ते पैशाने आणि प्रतिष्ठेने ठरत होतं. यात मला फार जुनं असं काही दिसत नाही.

बेथलेम आता लंडनच्या दक्षिणेला बेकनहॅमजवळ आहे, आणि चालू रुग्णालय आहे. ईडन पार्क स्टेशनवरून आम्ही चालत गेलो. मोठं, झाडांनी भरलेलं आवार. बसथांब्यावर एक आई आणि तिचा वीसेक वर्षांचा मुलगा बसले होते. दोघांच्या मध्ये कपड्यांची पिशवी. ती दाखल करायला आली होती की घरी न्यायला, ते कळलं नाही. आवारातच २०१५ मध्ये सुरू झालेलं मनाचं संग्रहालय आहे, तळमजल्यावर रुग्णांच्या चित्रांची गॅलरी. जिन्याच्या दोन बाजूंना सिबर या शिल्पकाराने घडवलेले दोन दगडी पुरुष पहुडलेत. हे मूरफील्ड्सच्या फाटकावर होते, चारही मन्रोंच्या आठवणीतले. एक खिन्न, पोकळ नजरेचा. दुसरा साखळदंडात, मूठ आवळलेली, मान मागे टाकलेली. त्याच्या दंडाच्या शिरासुद्धा फुगलेल्या दाखवल्यात. वरच्या दालनात गादीच्या भिंतीच्या कोठडीचे तुकडे आहेत, जखडायची साधनं आहेत.

तिथूनच मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. पुतळे दाखवले, साखळ्या नाही दाखवल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तिथल्यांना घरी सोडायचे का?"

सोडायचे, काका. मन्रोंच्या काळात साधारण वर्षभर ठेवायचे, मग बरा झालेला असो वा नसो, घरी. असाध्य ठरलेल्यांसाठी वेगळे वॉर्ड होते, तिथे गेलेला मात्र बहुधा तिथेच राही. एवढं सगळं मी त्यांना सांगितलं नाही. सोडायचे, एवढंच म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि जेवायला उठले.

चौथ्या पिढीतल्या एडवर्ड मन्रोंचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील समजून त्यांचे सचिव ड्रमंड यांना गोळी घातली. एडवर्ड मन्रोंनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली की हा माणूस भ्रमाने पछाडलेला आहे. तो सुटला, बेथलेममध्ये ठेवला गेला. त्यावर उठलेल्या गदारोळातून न्यायाधीशांनी नियम घालून दिले, तेच भारतीय दंडविधानाच्या कलम ८४ मध्ये उतरले आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहेत. आपल्याकडच्या कोर्टात वेडाचा बचाव आजही याच चौकटीत मांडतात. ही साक्ष मी या घराण्याच्या जमेला धरते.

१८५०च्या सुमाराला बेथलेमची पुन्हा चौकशी झाली, पुन्हा हलगर्जी उघड झाली. १८५२ मध्ये चार्ल्स हूड हे तिथेच राहणारे वैद्य नेमले गेले आणि मन्रोंची सद्दी संपली. पाचव्या पिढीतल्या हेन्रींनी मनोवैद्यकच केलं, पण बेथलेममध्ये नाही. ते गेले सेंट ल्यूक्सला, ज्याच्या पहिल्या वैद्याशी त्यांचे पणजोबा भांडले होते.

कुणाला जायचं असेल तर: बेकनहॅमचं संग्रहालय मोफत आहे, पण रोज उघडं नसतं, दिवस बघून निघा. चेरिंग क्रॉस किंवा लंडन ब्रिजहून ईडन पार्कची गाडी मिळते. आवारात रुग्ण आणि त्यांची माणसं फिरत असतात, त्यांचे फोटो काढू नका. अॅडेल्फी टेरेस १९३६ मध्ये पाडली, ब्रूक हाउसही दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यानंतर गेलं, त्या दोन्हींसाठी वेगळा फेरा नको. तो वेळ टेटच्या अभ्यासिकेला द्या, आणि विनंती करताना मन्रोंच्या घरची चित्रं असं स्पष्ट लिहा.