काटा कोना शे?

आमच्या आप्पांचा हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. केळीची गाडी भरायला व्यापाऱ्याची माणसं बागेत आली, की चहापाण्याच्या आधी आप्पा विचारायचे, "काटा कोना शे?" काटा कोणाचा आहे? व्यापाऱ्याचा असला तरी ते हरकत घेत नसत. फक्त घरातला काटा बाहेर निघायचा आणि पहिले काही घड दोन्ही काट्यांवर चढायचे. भाव बऱ्हाणपूरचा धरायचा की रावेरचा, दांड्याचं वजन किती कापायचं, हे बोलणं त्यानंतर.

मी चोपड्यात कॉम्प्युटर क्लास चालवते. सध्या माझ्या देखरेखीखाली बिटकॉइनचे तीन नोड आहेत. क्लासमधल्या एका विंडोज मशीनवर एक, पुण्यातल्या धाकट्या भावाच्या मॅकवर एक, आणि माहेरी, तापीकाठच्या आमच्या घरात, ओसरीतल्या फळीवर ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर एक. त्यावर उबुंटू लिनक्स आहे. क्लासची मुलं विचारतात, "मॅडम, याचे कॉइन किती मिळतात?" एकही मिळत नाही. मायनिंग म्हणजे नवे ब्लॉक बनवून बक्षीस मिळवणं, ते वेगळं, नोड वेगळा. नोड म्हणजे आपला घरातला काटा. ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या वहीतलं एक पान. ३ जानेवारी २००९च्या पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतचा सगळा हिशेब तो उतरवून घेतो आणि तपासतो. एकच नाणं दोनदा खर्च झालंय का, मायनरने ठरल्यापेक्षा जास्त बक्षीस घेतलंय का, हे तो स्वतः बघतो. ते बक्षीस सुरुवातीला ५० होतं, दर २,१०,००० ब्लॉकांनी निम्मं होत होत एप्रिल २०२४पासून ३.१२५ आहे. व्यवहारांची फी सोडून कोणी ३.१२६ घेतलं, तर ओसरीतला तो लॅपटॉप तो ब्लॉक नाकारेल, मग पाठवणारा कितीही मोठा असो. मला या सगळ्यात हेच आवडतं. कॉइन घ्या असं मी कोणालाच सांगत नाही. त्यात पैसा बुडतो, आणि नफा झाला तर २०२२पासून ३० टक्के कर आहे. पण ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी निदान काटा तरी स्वतःचा ठेवावा.

आता कामाचं. कमांड आणि फाइलींची नावं मी बोलताना म्हणते तशी लिहितेय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

बिटकॉइन कोअर, म्हणजे नोड चालवणारा प्रोग्रॅम, डाउनलोड करणं दोन मिनिटांचं काम आहे. ती फाइल खरी आहे का हे बघायला अर्धा तास जातो, आणि माझ्या मते सगळ्या कामातला तोच अर्धा तास महत्त्वाचा. डाउनलोडच्या पानावर प्रोग्रॅमसोबत 'एसएचए२५६सम्स' नावाची यादी असते, त्यात प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा. विंडोजवर 'सर्टयूटिल'ला 'हॅशफाइल' सांगून आपल्या फाइलचा हॅश काढायचा, मॅकवर 'शासम', लिनक्सवर 'एसएचए२५६सम'. दोन्ही जुळले की बहुतेक लोक थांबतात. पण कोणी फसवं पान उभं केलं असेल, तर त्याने यादीही स्वतःचीच ठेवली असणार. व्यापाऱ्याचा काटा व्यापाऱ्याच्याच वजनाने तपासल्यासारखं झालं ते.

म्हणून यादीसोबतची '.एएससी' फाइल घ्यायची. आवृत्ती २२.०पासून तिच्यात एकाची नव्हे, अनेक जणांच्या सह्या असतात. वेगवेगळ्या देशांतली माणसं तोच सोर्स कोड आपापल्या मशीनवर, गीक्स नावाच्या साधनाने बांधतात आणि सगळ्यांच्या हातात बाइट न बाइट सारखी फाइल येते. मग प्रत्येक जण आपल्या गुप्त डिजिटल किल्लीने सही करतो. त्यांच्या जोडीच्या सार्वजनिक किल्ल्या आणून 'जीपीजी' या सह्या तपासणाऱ्या प्रोग्रॅमने तपासलं की 'गुड सिग्नेचर' असं येतं. विंडोजवर यासाठी जीपीजीफॉरविन टाकावं लागतं. 'गुड सिग्नेचर'च्याच खाली एक इशारा येतो, की ही किल्ली विश्वासू सहीने प्रमाणित नाही. तो वाचून मुलं दचकतात. त्याचा अर्थ एवढाच, की ही किल्ली खरोखर त्या माणसाची आहे हे तुम्ही अजून संगणकाला सांगितलेलं नाही. सही चुकली असेल तर 'बॅड सिग्नेचर' असं स्पष्ट येतं. तसं आलं तर फाइल त्याच क्षणी काढून टाकायची.

विंडोजवर बसवणं सगळ्यात सोपं. सेटअप चालवायचं, डेटा कुठे ठेवायचा ते विचारलं की मोठी ड्राइव्ह दाखवायची. ब्लॉकांची संपूर्ण साखळी आता ६०० जीबीच्या वर गेलीय आणि क्लासच्या मशीनमध्ये २५६ जीबीची एसएसडी आहे, म्हणून तिथे मी 'प्रून' लावलंय. नोड सगळं उतरवतो, सगळं तपासतो आणि जुने ब्लॉक पुसत जातो. किमान ५५० एमबी ठेवता येतात, मी ५० जीबी ठेवलेत. डेटाचं फोल्डर आधी 'अ‍ॅपडेटा'मधल्या 'रोमिंग'मध्ये असायचं, आवृत्ती २८.०पासून नव्याने बसवलं तर ते 'लोकल'मध्ये जातं. जुनं फोल्डर सापडलं तर नोड तेच वापरतो, म्हणून अपडेटनंतर डेटा गेला असं समजून घाबरू नका. अँटिव्हायरसला मात्र ते फोल्डर वगळायला सांगा. २०१४ साली कोणीतरी स्टोन्ड नावाच्या जुन्या डॉसच्या व्हायरसची खूण ब्लॉकचेनमध्ये घातली होती. त्या तुकड्याने कोणाचं काही बिघडलं नसतं, पण अँटिव्हायरस ब्लॉकच्या फाइलींनाच व्हायरस समजून उचलू लागला होता.

मॅकचं काम मी फोनवरून भावाकडून करून घेतलं. "ताई, दोन फाइली दिसतात, कुठली घेऊ?" चिप अ‍ॅपलची असेल तर 'एआरएम६४', इंटेलची असेल तर 'एक्स८६'. कमांड लाइनची फाइल मॅकने पहिल्यांदा उघडू दिली नाही. सेटिंगमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'ओपन एनीवे' करावं लागतं, आणि सही तपासून झाली असेल तरच ते बटण दाबायचं. त्याची एक सवय मात्र मला बदलावी लागली. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून त्याने बाहेरची ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये ठेवली होती. मॅकवर अशा ड्राइव्हवर नोडचा डेटाबेस बिघडतो, याच्या तक्रारी प्रकल्पाच्या नोंदींत आहेत. ती मॅकच्या स्वतःच्या एपीएफएस फॉरमॅटमध्ये करून घेतली. टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपमधूनही ते फोल्डर वगळलं, कारण ते सतत बदलत असतं आणि बॅकअपची ड्राइव्ह उगाच भरते.

आता ओसरीतला लॅपटॉप. याच्यावर माझा सगळ्यात जीव, आणि सगळ्यात जास्त शिकवलंही यानेच.

लिनक्सवर मी टार फाइल उघडून त्यातले प्रोग्रॅम 'यूएसआर'मधल्या 'लोकल बिन'मध्ये ठेवले, नोडसाठी वेगळा युजर केला आणि सिस्टमडीची, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची, सर्व्हिस लिहिली. इथेच एक निर्णय मुद्दाम घेतला. नोड सुरुवातीला सगळी साखळी तपासतो, पण एका ठरावीक जुन्या ब्लॉकपर्यंतच्या व्यवहारांवरच्या सह्या सहसा पुन्हा तपासत नाही, तो ब्लॉक प्रोग्रॅममध्येच नोंदलेला असतो. बाकीचे नियम तो तपासतोच. वेळ वाचावा म्हणून ही सोय आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण 'अझ्यूमव्हॅलिड' शून्य केलं तर पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक सही आपलं मशीन स्वतः तपासतं. मी शून्य केलं. 'डीबीकॅश' ४ जीबी दिलं, म्हणजे हिशेब मेमरीत राहून काम वेगाने व्हावं. अकरा दिवस ठरले होते मनात.

पाचव्या दिवशी एका कारणाने सर्व्हिस थांबवायची होती. थांबवली, पुन्हा सुरू केली, तर ब्लॉकचा आकडा हजारोंनी मागे. जवळपास दिवसभराचं काम गेलं होतं. कारण माझ्या सर्व्हिस फाइलीत होतं. थांब म्हटल्यावर नोडला मेमरीतला हिशेब डिस्कवर उतरवायचा असतो. जुना लॅपटॉप आणि ४ जीबीचा हिशेब, त्याला काही मिनिटं लागतात. सिस्टमडी मात्र काही सांगितलं नसेल तर साधारण ९० सेकंद वाट बघतो आणि प्रोग्रॅम सरळ मारून टाकतो. बिटकॉइन कोअरच्या सोर्समध्ये तयार सर्व्हिस फाइल मिळते, तिच्यात 'टाइमआउटस्टॉपसेक' ६०० दिलेलं आहे. मी ती न घेता चार ओळी स्वतः लिहिल्या होत्या. ती फाइल घ्या. माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा फटका मे महिन्यात बसला. आमच्याकडे तेव्हा पारा ४५च्या पुढे जातो, दुपारी ओसरीतली फळीसुद्धा हाताला गरम लागते. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी मी काढून टाकली होती आणि इन्व्हर्टरवर भिस्त ठेवली होती. लाइट गेली, इन्व्हर्टर उन्हाने दमलेला, मशीन क्षणात काळं. लाइट आल्यावर नोड म्हणाला डेटाबेस बिघडलाय. ब्लॉकच्या फाइली धड होत्या, म्हणून पुन्हा डाउनलोड करावं लागलं नाही. 'रीइंडेक्स चेनस्टेट' दिलं आणि पहिल्या ब्लॉकपासून तपासणी पुन्हा सुरू. नऊ दिवस. मी खाली टेबल फॅन लावला, नवी बॅटरी जळगावहून आणली, आणि पहिली तपासणी संपल्यावर डीबीकॅश पुन्हा कमी केलं. आप्पा रोज सकाळी विचारायचे, "कथा लोंग उनं?" कुठवर आलं? मी साल सांगायची. २०१३. २०१६. २०१७ला चार दिवस लागल्यासारखे वाटले.

आणि आता अपडेट. बिटकॉइन कोअर स्वतःहून अपडेट होत नाही. नवी आवृत्ती आलीय असं सांगून डाउनलोड करणारं काही त्यात नाही, आणि हे मुद्दाम आहे. जो दूरवरून सगळ्यांचे नोड एका रात्रीत बदलू शकेल, तो नियमही बदलू शकेल. आपल्या काट्यात बाहेरच्या कोणी रात्री येऊन वजन घालावं, हे आप्पांनी कधी चालू दिलं असतं का? म्हणून दर खेपेला पुन्हा डाउनलोड, पुन्हा सह्या, पुन्हा रिलीज नोट्स.

पण न बदलणंही परवडत नाही. सप्टेंबर २०१८मध्ये कळलं, की ०.१५ ते ०.१६.२ या आवृत्त्यांमध्ये एक चूक होती. तिचा फायदा घेऊन मायनरला एकच नाणं एकाच व्यवहारात दोनदा मोजून हवेतून नाणी निर्माण करता आली असती. १८ सप्टेंबरला ०.१६.३ आली. मूळ साखळीवर तसा प्रकार घडला नाही, पण जुन्या आवृत्तीवर बसलेला काटा तो पकडू शकला नसता. उलट मार्च २०१३ची गोष्ट बघा. ०.८ या आवृत्तीने बर्कली डीबी हा डेटाबेस सोडून लेव्हलडीबी घेतला. एक मोठा ब्लॉक आला. तो नव्यांनी मान्य केला, जुन्यांच्या डेटाबेसला तो पेलला नाही, कारण एका वेळी किती नोंदींना कुलूप लावता येईल याची त्यात एक मर्यादा होती आणि ती नियम म्हणून कोणी कुठेच लिहिली नव्हती. २२५,४३० या उंचीवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या ब्लॉकपाशी, साखळीला दोन फाटे फुटले. मोठे मायनिंग पूल, म्हणजे मायनरांचे गट, ०.७वर परत गेले तेव्हा काही तासांनी सगळे एका साखळीवर आले. लिहिलेल्या नियमाने बघितलं तर नव्याचं बरोबर होतं. तरी मागे नव्यानेच यायचं ठरलं, कारण जुने नोड ज्यांच्याकडे होते त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. मला ती माणसं मोठी वाटतात.

यावरून मी माझी पद्धत ठरवलीय. मोठी आवृत्ती आली की दोन-तीन आठवडे थांबते, नोट्स वाचते, आधी क्लासचं मशीन, मग भावाचं, शेवटी ओसरीतलं. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच रात्री. वॉलेट असेल तर त्याचा बॅकअप आधी. डेटाच्या फोल्डरला हात लावायचा नाही, फक्त प्रोग्रॅम बदलायचे. आणि थांबवताना 'बिटकॉइन-सीएलआय स्टॉप' देऊन लॉग उघडा ठेवायचा. 'शटडाउन' 'डन' झाल्याची ओळ येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

परवा रात्री ओसरीतल्याची पाळी होती. थ्री फेज रात्रीची, म्हणून आप्पा मोटार चालू करायला निघाले होते. टॉर्च हातात घेऊन माझ्यामागे थांबले.

"बंद व्हयनं का माय?"

"नाही आप्पा, अजून लिहितंय."

ते फळीला टेकून उभे राहिले. दीड-दोन मिनिटांनी ओळ आली, मी बोट ठेवून दाखवली, तेव्हा ते गेले. नवे प्रोग्रॅम ठेवले, सर्व्हिस सुरू केली, मागे राहिलेले ब्लॉक भरून निघाले. मग पुण्याला फोन लावला. भाऊ झोपेतच होता, तरी उठला. त्याने त्याच्याकडच्या शेवटच्या ब्लॉकची उंची वाचली, मग हॅशची शेवटची आठ अक्षरं, एकेक करून. मी माझ्या स्क्रीनवर बघत होते. आठही तीच होती.