चिरानच्या राहत्या घरांमधल्या बागा

दक्षिण जपानमधल्या कागोशिमा शहरातून चिरान या गावाला जाणाऱ्या बसमधले बहुतेक जण दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय बघायला निघालेले असतात. तेही बघावंच. पण जुन्या सामुराई गल्लीला टूरवाले जेमतेम अर्धा तास देतात, हे मला फार खटकलं. क्योतोतल्या देवळांच्या बागा मी गर्दीतून पुढे सरकत पाहिल्या होत्या. इथं मात्र पाय निघेना.

तिकीट एकच, बागा सात. बहुतेक घरांत आजही लोक राहतात. सात्सुमा म्हणजे या भागातलं जुनं संस्थान. तिथल्या शिमाझू घराण्याच्या सरदारांनी आपले सामुराई एका किल्ल्याभोवती न ठेवता मुलखातल्या शंभरावर वस्त्यांतून पसरवले होते. एरवी शेती, वेळ आली की तलवार. चिरान त्यातलंच. म्हणून गल्ली मुद्दाम वळणावळणाची, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि फाटकातून आत शिरलं की समोर पुन्हा आडवी भिंत. परक्याची नजर तिथंच अडते. बाग त्यामागे, पाहुण्यांच्या खोलीसमोर. रस्त्यावरून दिसू नये, पण घरात बसलेल्याला पुरती दिसावी अशी.

सातांपैकी एकाच बागेत तळं आहे. माझं मन अडकलं ते एकही दगड न रचलेल्या बागेत. पुढे सात्सुकीची, म्हणजे अझेलियाची फुलझुडपं, मागे इनुमाकी या सदाहरित झाडाचं कुंपण. ते सरळ न छाटता चढउतार ठेवून असं कातरलंय की डोंगररांगच वाटावी, आणि तिच्या वर खरा डोंगर, हाहागाताके. कातरलेला डोंगर कुठं संपतो नि खरा कुठं सुरू होतो, हे बघत मी बसून राहिले. तेवढ्यात मागच्या खोलीतून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू आल्या. कुणीतरी भांडी आवरत होतं. अंगावर काटा आला. 1981 पासून देशानं जपलेली ही बाग, आणि तिच्या मागे एका कुटुंबाची रोजची सकाळ चालू होती!

शेजारच्या अंगणात एक आजोबा वाळूवरची पानं एकेक करून वेचत होते. फोनवरच्या भाषांतरातून कळलं ते एवढंच: मोठी छाटणी माळी करतो, रोजची पानं मात्र घरच्यांनीच उचलायची. त्यांचे वडीलही हेच करायचे.

तिथं गेलात तर एक कराच, घराच्या आत डोकावू नका. माझ्यासमोर एका घोळक्यानं थेट स्वयंपाकघराच्या खिडकीवर कॅमेरा रोखला. आतल्या बाईंनी निमूटपणे पडदा ओढला. मला त्या लोकांचा अस्सा राग आला!